कुऱ्हाड, टिकाव आणि त्यांचा दांडा

नेरूळ येथें आज उंच इमारती व आगगाडीचें स्टेशन आहे. मागें डोंगर व पुढें खाडी अशा या पट्ट्यांत पूर्वीं भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर आगरी-कोळी लोकांचा निर्वाह चाले. ता. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. त्यांत नेरूळही आलें. पण शेत गेलें म्हणून शेतकरी आपली कुऱ्हाड व टिकाव फेंकून देत नाहीं. गेलेली जमीन परत येत नाहीं. चांगलें लोखंड मात्र नातवाच्याही हातीं चालतें. तें चालेल कीं नाहीं, हें लोखंडापेक्षां त्यांत घातलेल्या लाकडावर अधिक अवलंबून असतें, एवढेंच आम्हांस या धड्यांत दाखवावयाचें आहे.

पातें दांड्यास जोडावें कसें, हा प्रश्न फार जुना आहे. संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वे येथें तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सांपडल्या. त्या सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या आहेत व त्यांना नेढें नाहीं. तेव्हां पातें लाकडाच्या फटींत बसवून वादीनें आवळीत असावेत. नागपूरकडे माहूरझरी व नैकुंड येथील शिलावर्तुळांत ज्या लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, त्यांतील कांहींवर दांडा धरून ठेवणाऱ्या लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आहेत. लाकूड मातींत मिळून गेलें, पट्टी राहिली. आमचा खेड्यांतला लोहार आज तापल्या लोखंडांत सहज नेढें पाडतो, त्यामागें पिढ्यांची ही खटपट आहे.

कुऱ्हाडीचा दांडा बहुधा खालून नेढ्यांत घालतात, वर निघालेल्या टोंकास चीर पाडतात, आणि तींत सुक्या कठीण लाकडाची पाचर ठोकतात. टोंक फुगतें व नेढ्यांत घट्ट बसतें. सर्व भार त्या एवढ्याशा पाचरीवर! टिकावाची रीत निराळी. पुष्कळ टिकावांचें नेढें वरच्या बाजूस रुंद असतें व दांड्याचें एक टोंक जाड असतें. बारीक टोंक वरून नेढ्यांत सोडून टिकाव जाड टोंकापर्यंत सरकवितात. प्रत्येक घावाबरोबर लोखंड पुढें निसटूं पाहतें, आणि निसटूं पाहतें म्हणूनच अधिक घट्ट होतें. काम संपल्यावर दांड्याचें बारीक टोंक जमिनीवर आपटलें कीं टिकाव सैल होऊन खालीं उतरतो. इतकी सोपी व शहाणपणाची युक्ति दुसऱ्या कोणत्या हत्यारांत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

सैल कुऱ्हाडीचें भय मोशेच्या नियमशास्त्रासही ठाऊक आहे. दोघे शेजारी रानांत लाकडें तोडावयास गेले, लोखंड दांड्यावरून निसटलें आणि एकजण प्राणास मुकला, तर दुसऱ्यानें आश्रयाच्या नगरास पळावें, असें अनुवादाच्या १९ व्या अध्यायांत सांगितलें आहे. तेथें वैर नाहीं, राग नाहीं. तरीही मनुष्य मेलाच. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं पातें धरून दांडा हलवून पाहावा, पाचरीवर बोट फिरवावें, आणि घाव घालणाऱ्याच्या पुढें वा मागें कोणास उभें राहूं देऊं नये. मुलांस तर नाहींच. हत्यार उसनें आणलेलें असेल तर ही तपासणी दुप्पट करावी, कारण त्याचा दोष आपणांस ठाऊक नसतो.

दांडा सैल झाला कीं पुष्कळजण कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत ठेवतात. लाकूड फुगतें, सकाळीं सर्व ठीक दिसतें. परंतु फुगलेलें लाकूड लोखंडावर दाबून त्याचे तंतु चेपले जातात, व सुकल्यावर तें पूर्वींपेक्षांही सैल होतें. नेढ्यांत खिळे ठोकणें हा त्याहून वाईट उपाय, कारण त्यानें दांडा चिरतो. कोंकणांत हवेंत ओल फार, म्हणून पावसाळ्यांत ओल्या लाकडाचा बसविलेला दांडा चैत्रांत हटकून खुळखुळतो. लाकूड सावलींत पुरतें सुकवून, उन्हाळ्यांतच दांडा बसवावा आणि नवी पाचर द्यावी.

लाकूड कोणतें? आमच्या मतें धामण पहिली. ती लवचीक असून धक्का सोसते. बाभूळ जड पण चिवट आहे. साग खांबास व तुळईस उत्तम, परंतु दांड्यास नको; तो सरळ चिरतो. लाकूड करवतीनें कापण्यापेक्षां फोडून काढावें, म्हणजे तंतु टोंकापासून टोंकापर्यंत अखंड राहतात. गाठ नसावी. नेढ्याकडील टोंकावर ज्या रेघा दिसतात, त्या घावाच्या दिशेस समांतर असाव्या. आडव्या असल्या तर दांडा पहिल्या कठीण बुंध्यावरच मोडेल. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" अशी म्हण आहे खरी, पण वाईट दांडा गोताआधीं धन्यासच काळ होतो. तयार दांडा गुळगुळीत करून त्यास वर्षांतून एकदोनदां जवसाचें तेल चोळावें. वाळवीचें भय असेल तेथें करंजेलही चालतें.

दुकानांत आतां लोखंडी नळीचे व कृत्रिम धाग्यांचे दांडे मिळतात. नळीचा दांडा दगडावरचा प्रत्येक हादरा मनगटापर्यंत पोंचवितो. कृत्रिम दांडा ओलीनें फुगत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण तो मोडला तर बाजार गांठावा लागतो, लाकडाचा मात्र घरीं तासतां येतो.

लोखंडाविषयीं थोडकें. खारवट मातींतून आलेला टिकाव गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावा. मीठ लोखंडास रातोरात गंज आणतें. टोंक बोथट झालें कीं लोहाराकडून शेवटून घ्यावें. विजेच्या सहाणेवर धार लावतांना पातें निळें पडलें, तर त्याचें पाणी उतरलें असें समजावें. म्हणून तें वरचेवर पाण्यांत बुडवीत जावें.

आतां हें हत्यार चालवावें कोठें? खाडीकांठच्या तिवरांवर कुऱ्हाड घालतां येत नाहीं. त्यांची तोड मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं थांबविली व २०१८ च्या निकालांत ती मनाई कायम केली. शहराच्या हद्दींत इतर झाड तोडण्यासही १९७५ च्या कायद्यान्वयें वृक्ष प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणांतलें कां असेना. टिकावाला परसांत रोपासाठीं खड्डा खणावयास हरकत नसते. परंतु नेरूळसारख्या ठिकाणीं पावलाखालीं विजेच्या तारा असूं शकतात, हें पूर्वींच्या खणणाऱ्यास पाहावें लागत नसे. सुकें लाकूड वीज सहसा वाहूं देत नाहीं, पण घामानें वा पावसानें भिजलेलें वाहूं देतें. दांड्यावर भरंवसा न ठेवतां तार कोठून गेली आहे हें आधीं विचारावें, आणि मगच पहिला घाव घालावा.