यादवीतील बंदिवान राजस्त्रिया : मराठी ऐतिहासिक गद्याची दृष्टी

सन १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज स्वराज्यात परतले आणि मराठ्यांच्या राज्यात गादीसाठी यादवी सुरू झाली. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांची वाटणी मान्य झाली. या काळाचा वृत्तान्त बखरी आणि चरित्रे सामान्यतः लढाया, सनदा व सरदारांची पक्षांतरे यांच्या अंगाने सांगतात. याच वर्षांत राजघराण्यातील स्त्रिया दीर्घकाळ कैदेत होत्या, ही गोष्ट मात्र तेथे ओझरती येते. हे ओझरतेपण केवळ साधनांच्या अभावातून आलेले नसून कथनाच्या रचनेतूनही आले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले उदाहरण येसूबाईंचे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि सात वर्षांच्या शाहूंसह त्या कैद झाल्या. १७०७ मध्ये पुत्राची सुटका झाली. माता मात्र त्याच्या वर्तनाची हमी म्हणून मोगलांकडेच राहिली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली मोहिमेनंतर त्या साताऱ्यास परतल्या. ही सुमारे तीस वर्षे कथनात चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांच्या जोडीने मोहिमेची एक फलश्रुती म्हणून येतात. येसूबाई सुटल्या हे कळते. त्या कशा राहिल्या हे कळत नाही.

येसूबाईंना कैद करणारा शत्रू परका होता. पन्हाळ्यावरील कैद घरातलीच होती. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर औरंगजेबाविरुद्ध सात वर्षे राज्य सांभाळणाऱ्या ताराबाईंना १७१४ मध्ये त्यांच्याच सवतीने, राजसबाईंनी, पुत्र शिवाजीसह कैदेत टाकले व आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसविले. कैद करणारी आणि कैद झालेली या दोघी एकाच पुरुषाच्या विधवा होत्या. शिवाजी १७२६ मध्ये कैदेतच मरण पावला. त्याच्या पश्चात पत्नी भवानीबाईंना पुत्र झाला व तो गुप्तपणे गडाबाहेर काढून वाढविण्यात आला, अशी परंपरा आहे. हाच पुढे रामराजा म्हणून ओळखला गेला.

या स्त्रियांना कैद होते ती प्रामुख्याने त्यांच्या नात्यामुळे. वारस त्यांच्या कुशीत किंवा मांडीवर असतो, म्हणून त्यांच्यावर पहारा बसतो. कैद, अटक, नजरबंदी, बंदोबस्त या शब्दांतील अर्थच्छटाही येथे लक्षात घेण्यासारख्या आहेत. ‘कैद’ म्हटले की कैद करणारा डोळ्यांसमोर येतो. ‘बंदोबस्त’ म्हटले की तीच कृती कारभाराचा भाग वाटू लागते.

१७३० मध्ये वारणाकाठी कोल्हापूरकरांचा पराभव झाला व राजस्त्रिया सातारकरांच्या हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानाने परत पाठविण्याची व्यवस्था केली. ताराबाईंनी मात्र साताऱ्यास राहणे पसंत केले. साताऱ्याच्या बाजूने सांगितल्यास हा प्रसंग शाहूंच्या औदार्याचा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे सातारा दरबारातीलच होते, हे अशा वाचनात विसरता येत नाही. कैद्याच्या बाजूने पाहिले तर ताराबाईंपुढे निवड होती ती दोन पहाऱ्यांमधली.

१७४९ च्या डिसेंबरात शाहूंचे निधन झाले व रामराजा गादीवर आला. १७५० मध्ये ताराबाईंनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस, तो आपला नातू नव्हे, असे शपथपूर्वक सांगितले. ज्या जन्माची साक्ष पन्हाळ्याच्या पहाऱ्यातील स्त्रियाच देऊ शकत होत्या, त्यावर छत्रपतींच्या गादीचा प्रश्न असा येऊन ठेपला. या वादात वाणी उमटते ती ताराबाईंची. भवानीबाईंचे केवळ नाव उरते. कैदेने राज्यकर्त्या स्त्रीचा आवाज दाबला नाही, पण मातेचा पुरता मिटविला.

कोल्हापूरच्या सार्वजनिक स्मृतीतही हीच निवड दिसते. राजर्षी शाहूंचे नाव लावणाऱ्या शाहूपुरीपासून जवळच, कावळा नाक्यावर, ताराराणी घोड्यावर आरूढ आहेत. मोगलांशी झुंजणारी राणी शहराने जपली; त्याच राणीची सोळा वर्षांची कैद मात्र शिल्पात मावत नाही. डॉ. आप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रे व डॉ. जयसिंगराव पवार यांचे ताराबाई-चरित्र यांमुळे या काळाचा अभ्यास दृढ पायावर आला. आता वाङ्मयाच्या अभ्यासकाने या गद्यातील क्रियापदे तपासावयास हवीत. ‘ठेविले’, ‘पाठविले’, ‘सोडविले’ या क्रियांचा कर्ता बहुधा दुसराच असतो; स्त्री कर्मस्थानी असते. ज्या दासी आणि सुइणी त्याच गडावर त्याच पहाऱ्यात होत्या, त्यांना तर कर्मस्थानही लाभत नाही. यादवीचा इतिहास पुरा वाचावयाचा, तर ही रिकामी स्थाने ओळखण्यापासून आरंभ करावा लागेल.