हिरवं दिसलं म्हणून आपलं नसतं

अगं, सासरच्या सांदवाडीतला तो म्हातारा गुलाब उपटायचं तुझ्या मनात आहे म्हणे. तुझ्या सासूबाई तर सांगतात, तो गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, म्हणजे 1982 च्या, आधीपासूनचा आहे. घाई करू नकोस. इतके उन्हाळे काढलेल्या झाडात जीव असतो.

आधी नखानं साल जराशी खरवड. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत; तपकिरी, कोरडी दिसली तर गेली. वाळकी फांदी कधीही काढ, तिच्यातूनच वाळवी आत शिरते. खरी छाटणी मात्र पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर. एप्रिलमध्ये कात्री चालवलीस, तर कोवळी फूट आपल्या 45 अंशांच्या उन्हात करपेल आणि झाडाचं उरलंसुरलं बळही जाईल.

मधली गर्दी काढून चार-पाच धडधाकट फांद्या गुडघ्याएवढ्या ठेव. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप दे. कापात पांढरा गर दिसेपर्यंत खाली ये. तपकिरी ठिपका राहिला तर मर खाली उतरत जाते. कापांना बोर्डो पेस्ट लाव. आळ्यात मुरलेलं शेणखत, मूठभर निंबोळी ढेप घाल आणि वर तणस पसर. पण बुंध्यापासून वीतभर लांब, वाळवीला आयतं जेवण नको.

आता मुद्द्याचं ऐक. थोड्याच दिवसांत तांबूस कोंब दिसतील आणि तू हरखून जाशील. पण कोंब कुठून निघाला ते बघ. कलमी गुलाबाच्या बुंध्याशी एक गाठ असते. गाठीच्या वरून आलेला जाड कोंब म्हणजे उद्याची मुख्य फांदी. तो कंबरेएवढा झाला की शेंडा खुड. गाठीखालून आलेला मात्र खुंटाचा रानफुटवा. तो सरसर वाढतो, सगळं अन्न खातो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. मग लोक म्हणतात, ‘आमच्या गुलाबानं रंग बदलला.’ रंग बदलत नाही गं, खालचा खुंटच मालक होऊन बसलेला असतो! सात पानांचा तो रानटी, असंही तुला कोणी सांगेल. त्यावर जाऊ नकोस, चांगल्या गुलाबांनाही सात येतात. माती बाजूला कर आणि फुटवा जिथून निघाला तिथूनच ओरबाडून काढ. जमिनीलगत कापलास तर एकाचे चार होतील.

गाठच नसेल, फांदी रोवून लावलेला गावठी गुलाब असेल, तर सगळे फुटवे त्याचेच. तिथं फक्त काडीसारखे बारीक आणि आत वळलेले काढ.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर आधी पाण्याची धार मार. तरी काही कळेनासं झालं, तर फांदी घेऊन सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. महागडी औषधं मात्र आपल्या मनानं आणू नकोस. त्यापेक्षा दर पंधरवड्याला खाली वाकून बुंधा बघत जा; जुना गुलाब जगतो तो त्यावरच.