माप बरोबर, तरी भिंत बसेना

रनवार ही वांद्र्याच्या जुन्या 24 पाखाड्यांपैकी, म्हणजे वस्त्यांपैकी, एक. तिथल्या ईस्ट इंडियन समाजाच्या घरांची कौलारू छपरं, लाकडी सज्जे आणि बाहेरून चढणारे जिने एकेक करून नाहीसे होत आहेत. म्हणून तशा एका घराची 1:50 प्रमाणातली प्रतिकृती मी करायला घेतली. आर्किटेक्चर शिकणारा भाचा मदतीला होता. माउंटबोर्ड इथल्या दमट हवेत पावसाळाभर वाकडा होत राहतो, म्हणून पॉलिस्टायरीनची शीट निवडली. भिंतींना 2 मिलिमीटरची, खिडक्यांच्या झडपांना अर्ध्या मिलिमीटरची.

चारही भिंती मापात कापल्या होत्या. स्टीलपट्टी लावून पुन्हा पाहिलं तरी लांबी अगदी बरोबर. पण उभ्या करून जोडायला गेलो, की कोपऱ्यात एकीकडे फट आणि दुसरीकडे कड बाहेर. भाचा म्हणाला, "मामा, माप तर चुकलेलं नाही!" ते खरंच होतं. भिंत उलटी करून मोजली तेव्हा कारण सापडलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब होती.

एका दमात आरपार कापायचं म्हटलं की जोर लागतो. जोर लावताना मनगट कलतं, कटरचं पातळ पातंही वाकतं आणि कड तिरपी उतरते. पातं 10 अंशांनी कललं, तर 2 मिलिमीटरच्या शीटमध्ये एका कडेला सुमारे 0.35 मिलिमीटरचा फरक पडतो. दोन्ही टोकांना मिळून 0.7. खऱ्या घरात तो साडेतीन सेंटिमीटर झाला असता. वरच्या बाजूने कितीही वेळा मोजा, हा फरक दिसत नाही. म्हणून कापलेली कड गुण्या लावून तपासायची सवय ठेवा.

उपाय साधा आहे, पण हाताला आवरावं लागतं. जाड पॉलिस्टायरीन आरपार कापायचंच नाही, ते कोरून मोडायचं. पहिला घाव फक्त ओरखड्याएवढा. त्यात पातं आपोआप वाट धरतं. मग त्याच रेघेवरून हलके आणखी काही घाव, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत. नंतर रेघ टेबलाच्या कडेवर धरून शीट चिरेच्या उलट बाजूला वाकवली की सरळ तुटते. पातं थोडं कललंच, तर तो दोष त्या वरच्या हिश्शापुरता राहतो. पात्याने दोन्ही बाजूंना उचललेली बारीक कड मात्र राहते. पातं उभं धरून ती खरवडा आणि सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवा.

पेन्सिलीच्या रेघेवर भरवसा ठेवू नका, तिलाच अर्धा मिलिमीटर जाडी असते. दोन्ही टोकांना पात्याच्या टोकाने टोचा, टोचलेल्या जागी पातं उभं ठेवा आणि पट्टी सरकवत त्याला टेकवा. पट्टी स्टीलचीच हवी. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड पातं सोलतं, पुढचे सगळे घाव बिघडतात. पट्टी नेहमी उपयोगाच्या भागावर ठेवावी, म्हणजे पातं घसरलं तर टाकाऊ भागावर जातं. दाबणाऱ्या हाताची बोटं पट्टीच्या कडेपासून आत, हे मी भाच्याला अजूनही दर वेळी सांगतो.

खिडक्यांची भोकं भिंत मोठ्या शीटमधून सुटी करण्याआधी कापावीत, हाताला आधार राहतो. घाव प्रत्येक कोपऱ्यातून सुरू करून मध्यापर्यंत आणायचा, मग उलट कोपऱ्यातून. असं केलं की कोपऱ्याबाहेर ओरखडा जात नाही. सज्ज्याच्या कठड्याच्या पट्ट्यांसाठी दर वेळी नव्याने मोजू नये. पहिली पट्टी नीट कापून तिच्याच मापावर एका जाड तुकड्याचा अडसर लावावा आणि बाकीच्या त्याला टेकवून कापाव्यात. मोजणी जितकी कमी, तितक्या पट्ट्या एकसारख्या. आणि जोडात जाडी वजा करायला विसरू नका. बाहेरून 50 मिलिमीटर हवं असेल, तर 2 मिलिमीटरच्या दोन भिंतींमध्ये बसणारा तुकडा 46 चा.

सबमिशनच्या घाईत आर्किटेक्चरची मुलं सगळं लेझरने कापायला देतात. ॲक्रिलिकला ते उत्तमच. पॉलिस्टायरीन मात्र कडेला वितळतं आणि काजळी धरतं. पीव्हीसीचा सनबोर्ड तर लेझरखाली कधीही देऊ नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांनाही घातक आणि यंत्रही गंजवतो. दुकानदाराने विचारलं नाही तरी शीट कशाची आहे ते आपण सांगायला हवं.

बोथट पातं जोर मागतं, आणि जोर म्हणजे पुन्हा तिरपी कड. तुकडे मोडत जाणारं पातं 1956 साली जपानमध्ये योशिओ ओकाडा यांनी काढलं ते याचसाठी, टोक बोथटलं की मोडायचं आणि नवं पुढे घ्यायचं. ते मोडताना पक्कड वापरा, टोक उडून डोळ्याकडे येऊ शकतं. मोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत साठवा आणि डबी चिकटपट्टीने बंद करून, वर 'पाती' असं लिहूनच सुक्या कचऱ्यात द्या. तो कचरा कुणीतरी हाताने निवडतं.