ओलावा आणि औषधाची गोळी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला औषधाच्या गोळीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण माल तयार करणे, साठविणे व विकणे हा आमचाच विषय आहे. औषध हा असा माल आहे, की त्याच्या साठवणीत हयगय झाली तर तोटा केवळ पैशाचा होत नाही.

गोळी म्हणजे दाबून बसविलेली भुकटी. औषधात दुग्धशर्करा, स्टार्च यांसारखे भरीचे व चिकटविणारे पदार्थ मिसळून यंत्रात दाब देतात. या वेळी थोडा ओलावा लागतोच. मिश्रण फार कोरडे असेल तर गोळीचा वरचा भाग टोपीसारखा सुटतो. फार ओले असेल तर ते यंत्राच्या ठशाला चिकटते. तयार गोळ्या फिरत्या पिंपात मिनिटाला 25 फेरे या वेगाने 4 मिनिटे घोळवितात. वजनातील घट सामान्यतः 1 टक्क्याहून अधिक चालत नाही.

पुढे साठवणीत ओलावा दोन प्रकारे नुकसान करतो. स्टार्च पाणी शोषून फुगते, कणांमधील बंध सैल होतात, गोळी मऊ पडते व तिच्या कडा झडतात. हा दोष डोळ्यांना दिसतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. दमट हवेत गोळीतील काही पदार्थ किंचित विरघळतात. हवा कोरडी झाली की त्यांचे पुन्हा स्फटिक बनून कणाकणांत जणू पूल बांधले जातात. गोळी पूर्वीपेक्षा टणक होते. दिसायला ती उत्तम, पण पोटात वेळेवर फुटत नाही.

फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन हे औषध दमट जागी पाणी धरून वेगळ्या स्फटिकरूपात जाते. गोळी कठीण होते व कमी विरघळते. अशा गोळ्यांचा गुण सुमारे एक तृतीयांशाने घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1990 साली दिला होता. म्हणजे रोगी नेमाने गोळी घेतो आणि तरीही त्याला झटका येऊ शकतो!

म्हणून वेष्टनावरील मुदतीची तारीख बिनशर्त नसते. सांगितल्याप्रमाणे साठवण झाली तरच ती खरी. दुकानदाराने खोकी जमिनीवर वा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत आणि आधी मुदत संपणारा माल आधी विकावा. घरात न्हाणीघर व चुलीजवळची फळी टाळावी, गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नयेत, बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये. बेळगावच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हे विशेष पाळावे.

‘कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेली असते. आपल्या भागातील मराठी आणि कन्नड घरांत ती वाचून समजावून सांगणे, एवढे काम तरी आपण शिकलेल्या मुलामुलींनी करावे.