शेगडीला बर्नर किती?

गेल्या पावसाळ्यात सातवीच्या मुलांसमोर मी एक कोडं ठेवलं. उकडीचे मोदक करायचे आहेत. सारणाला २० मिनिटं लागतात, उकडीला १५, मोदक वळायला २५ आणि वाफवायला १५. सारण आणि उकड दोन्ही तयार झाल्याशिवाय वळायला बसता येत नाही. घरात दोघी जणी कामाला आहेत. दुपारी बाराला नैवेद्य दाखवायचा, तर उशिरात उशिरा किती वाजता सुरुवात करावी?

बहुतेकांनी चारही आकड्यांची बेरीज केली, ७५ मिनिटं, आणि पावणेअकरा असं उत्तर लिहिलं. काहींनी सारण आणि उकड एकाच वेळी होईल हे ओळखून अकरा सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीची वही मात्र कोरीच होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, शेगडीला बर्नर किती?"

बर्नर एकच असेल, तर दोघी जणी असूनही उकड सारणाच्या मागे थांबणार, म्हणजे ७५ मिनिटं. दोन असतील तर ६०. तिच्या प्रश्नावरून वर्ग पुढे निघाला. तिसरा बर्नर आणला तर? काही फरक नाही. उकड दहा मिनिटांतच झाली तर? तरीही नाही, कारण सारण २० मिनिटं घेणारच आहे. वेळ वाचवायचा तर आधी सारणाकडे बघा, नाहीतर वळणाऱ्या हातांकडे. कामांची साखळी मांडायची आणि नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं, हेच बांधकामाच्या नियोजनात होतं, कारखान्यात होतं आणि कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला कामं वाटून देतानाही होतं. त्या दिवशी वर्गात एकही कॉम्प्युटर नव्हता.

या विचारपद्धतीला 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' म्हणतात. २००६ साली जॅनेट विंग यांच्या एका लेखानंतर हा शब्द सगळीकडे पोचला आणि २०२० च्या आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आला. मुलांसाठी याची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे 'बेब्रास'. लिथुआनियात प्राध्यापक वालेंतिना दागिएने यांच्या पुढाकारानं २००४ मध्ये ती सुरू झाली. लिथुआनियन भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर, नदीवर बांध घालणारा कष्टाळू प्राणी. आज पन्नासाहून जास्त देशांत ही स्पर्धा होते. वेगवेगळ्या देशांचे शिक्षक दरवर्षी एकत्र बसून प्रश्न निवडतात. साधारण तीन मिनिटांत सुटेल असा एकेक प्रश्न असतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. भारतात एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम ती घेतो. तिसरीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना बसता येतं, आणि प्रश्न मराठीतही मिळतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोड्याचं इंग्रजी समजून घेण्यात निम्मा वेळ गेला, तर मोजली जाते ती भाषा.

आता पालकांचा पहिला प्रश्न: "याला वेटेज काय?" सरळ सांगते. जेईई किंवा सीईटीत या प्रमाणपत्राचा एकही मार्क मिळत नाही. इथून एखाद्या मुलाला प्रोग्रॅमिंगची ओढ लागली, तर पुढे इंडियन कॉम्प्युटिंग ऑलिंपियाड आहे. तिथून निवडलेली चार मुलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशाकडून उतरतात. पण ती वाट थोड्यांची आणि वर्षानुवर्षांच्या सरावाची. तुमच्या मुलाला यातून मिळायचं ते वेगळंच आहे. कॉम्प्युटर सायन्सला जावं की नाही, हे आपण दहावीच्या टक्क्यांवरून आणि शेजारच्या मुलाच्या पॅकेजवरून ठरवतो. ज्या कामात आयुष्य घालवायचं, त्या कामाची चव मुलानं कधी घेतलेलीच नसते. इथे ती तिसरी-चौथीतच घेता येते, तीही फी, क्लास आणि भविष्य पणाला न लावता.

म्हणूनच कळकळीनं सांगते, याची शिकवणी लावू नका. स्कॉलरशिपसारखे संच सोडवून घेतले की मुलं प्रश्नाचा प्रकार ओळखायला शिकतात आणि विचार करायचं थांबवतात. स्पर्धेआधी जुने पाच-सहा प्रश्न बघितले, स्क्रीनवर उत्तर कसं निवडायचं ते कळलं, की पुरे. एका कार्यशाळेत एक वडील लेकाच्या पाठीमागे उभे होते. मुलगा कागदावर बाण काढत होता, रस्ता जवळजवळ सापडला होता. वडिलांनी वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे बघ, तिसरा पर्याय." उत्तर बरोबर होतं. मुलानं पेन्सिल खाली ठेवली आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला आधी मान वळवून वडिलांकडे पाहिलं. त्या बोटामागे काळजीच होती, हे मला कळतं. पण तो अर्धवट काढलेला बाण त्या मार्कापेक्षा मोलाचा होता.

निकाल लागला की किती मार्क पडले हे विचारण्याआधी कुठला प्रश्न आवडला ते विचारा. चुकलेला प्रश्न घेऊन दोघं कागदावर बसा, मुलाला बोलू द्या. कोड्यात तासभर रमणारं मूल, सगळे पर्याय पद्धतशीर तपासणारं मूल, प्रश्नातच काहीतरी राहिलंय हे पकडणारं मूल, यांतलं आपलं कुठलं हे तिथे दिसायला लागतं. त्यातून लगेच इंजिनीअरिंगचा निर्णय काढू नका. अशी नजर कॉम्प्युटरइतकीच हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात आणि ठिबकाच्या पाळ्या लावणाऱ्या शेतकऱ्यालाही लागते.

नोंदणी शाळेमार्फत होते आणि स्पर्धा साधारण नोव्हेंबरमध्ये असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. तेव्हा गणपतीच्या सुमारासच शाळेत जाऊन कॉम्प्युटरच्या किंवा गणिताच्या शिक्षकांना भेटा आणि आपली शाळा भाग घेते का विचारा. घेत नसेल, तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना विनंतीचं पत्र द्या.