पोलिसांचा वायरलेस ऐकावा काय? व्यापाऱ्यांसाठी रेडिओ संचाचा धडा



गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात लहान वायरलेस संच आणि 'स्कॅनर' स्वस्तात दिसू लागले आहेत. येडशी हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. लातूर-बार्शी रस्ता आणि कुर्डुवाडी-लातूर रेल्वेही येथूनच जाते. कापडाच्या गाठी रात्रीच्या गाडीने निघतात, सकाळी दुकान उघडण्यापूर्वी पोहोचाव्या लागतात. घाटात अपघात झाला, रस्ता बंद पडला, पुलावर पाणी आले की माल अडकतो. त्यामुळे कित्येक जण विचारतात, "पोलीस आणि अग्निशमन दलाचे बोलणे ऐकू येईल असा संच घेतला तर खबर आधी मिळणार नाही काय?" या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते. त्यात पैशाचा प्रश्न आहे आणि इज्जतीचाही.

१) स्कॅनर म्हणजे काय?

साधा रेडिओ एका वेळी एकच केंद्र लावतो. स्कॅनरमध्ये अनेक लहरी आधी भरून ठेवतात. याला 'मेमरी' म्हणतात. यंत्र एकेक लहर क्षणभर तपासते आणि जेथे बोलणे चालू असेल तेथे थांबते. बोलणे संपले की पुढे सरकते. 'स्क्वेल्च' नावाची कळ रिकाम्या लहरीवरची खरखर बंद ठेवते. ती जास्त आवळली तर दूरचा बारीक आवाजही बंद होतो, फार सैल सोडली तर यंत्र खरखरीवरच अडकून बसते. महत्त्वाच्या एका लहरीला 'प्रायॉरिटी' दिली की यंत्र मधूनमधून तिच्याकडे परत पाहते.

अमेरिकेत असे यंत्र दुकानात मिळते आणि पुष्कळ राज्यांत लोक घरी बसून पोलिसांचे बोलणे ऐकतात. म्हणून तेथील माहिती वाचून आपल्याकडचे लोक फसतात. इंग्लंडमध्येही आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकण्यास मनाई आहे.

२) आपला कायदा

१९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस संच नुसता जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. आपण त्यावर बोललो नाही, फक्त ऐकत होतो, हा बचाव चालत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन मंचांना नोटिसा काढल्या. परवाना लागतो की नाही, संच कोणत्या लहरीवर चालतो, त्याला सरकारी मान्यता आहे की नाही, हे ग्राहकाला सांगितलेच जात नव्हते. म्हणजे एखादी वस्तू ऑनलाइन मिळते एवढ्याने ती कायदेशीर ठरत नाही.

दीनच्या अंगानेही पाहावे. दुसऱ्यांच्या गोष्टींची टोह घेत फिरू नये, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. वायरलेसवर जखमी माणसाचे नाव, एखाद्या घरातली आपत्ती, कोणा मुलीच्या बेपत्ता होण्याची खबर जात असते. ती ऐकून चौकात सांगणे हे अमानतीच्या विरुद्ध आहे.

३) चूक कोठे होते?

बाजारात सर्वांत जास्त खपणारा संच पाच वॅटचा, दोन पट्ट्यांचा असतो. तो सुमारे १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही लावता येतो. पोलीस, वन खाते, रुग्णवाहिका आणि खासगी परवानाधारक यांच्या लहरी याच पट्ट्यांत आहेत. उर्स, जुलूस किंवा इज्तेमाच्या वेळी स्वयंसेवकांसाठी असे सात-आठ संच मागवले आणि कारखान्यातून भरून आलेल्या लहरींवर तसेच चालू केले, तर आपले बोलणे एखाद्या सरकारी लहरीवर जाऊन पडू शकते. नीयत साफ असली तरी त्यातून मदतीच्या कामात अडथळा येतो आणि चौकशी थेट कमिटीच्या दारात येते. धाराशिवला हजरत ख्वाजा शमशुद्दीन गाजी यांच्या उर्साला मोठी गर्दी होते. अशा ठिकाणी बंदोबस्ताचे काम पोलिसांशी बोलून, मान्य संचांवरच व्हावे.

आखाती देशांतून येणाऱ्या भावांनाही सांगून ठेवावे. वॉकी-टॉकी किंवा थुरायासारखा उपग्रह फोन भेट म्हणून आणू नये. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगण्यास आपल्या देशात मनाई आहे आणि विमानतळावर सापडला की प्रकरण लांबते.

४) मग कोणता संच घ्यावा?

दुकान, गोदाम आणि मालाची चढ-उतार यांसाठी परवान्याशिवाय चालणारा मार्ग उपलब्ध आहे. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतील कमी शक्तीच्या हातातील संचांना परवान्यातून सूट दिली आहे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

अ) संच फक्त याच पट्टीचा असावा. 'सर्व पट्ट्या चालतात' असे म्हणणारा संच नको.
आ) सरकारी मान्यतेचे प्रमाणपत्र, म्हणजे 'ई.टी.ए.', असावे. त्याची प्रत दुकानदाराकडून मागून घ्यावी.
इ) पक्के बिल घ्यावे, त्यावर मॉडेल क्रमांक असावा.
ई) बॅटरी वेगळी मिळते की नाही हे विचारावे.

पल्ल्याबद्दल भुलू नये. डब्यावर कितीही किलोमीटर लिहिलेले असो, या लहरी सरळ रेषेत जातात. भिंती आणि बालाघाटचे डोंगर त्यांना अडवतात. बाजारपेठेतील दुकानापासून मागच्या गोदामापर्यंत संच उपयोगी पडतो. रामलिंगच्या घाटातील गाडीशी बोलण्यासाठी तो नाही. त्यासाठी मोबाईलच ठीक. मोठ्या पल्ल्याची खरी गरज असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे रीतसर परवान्यासाठी अर्ज करावा.

५) संच लावण्याची रीत

प्रथम सर्व संच पूर्ण चार्ज करावेत. या पट्टीत १२.५ किलोहर्ट्झ अंतराने १६ चॅनेल बसतात. पहिला ४४६.००६२५ चा, शेवटचा ४४६.१९३७५ चा. दोन चॅनेल ठरवावेत, एक दुकानासाठी, एक गोदामासाठी. सर्व संचांवर एकच 'टोन' लावावा. टोनमुळे शेजाऱ्याचे बोलणे आपल्या संचावर येत नाही, परंतु आपले बोलणे गुप्त होते असे समजू नये. म्हणून रोकड किती, गाडी केव्हा निघणार, हे त्यावर बोलू नये.

नंतर स्क्वेल्च मध्यम ठेवून एका माणसाने चालत जावे आणि आवाज कोठे तुटतो ते कागदावर लिहावे. स्कॅन फक्त आपल्या दोन चॅनेलांचे ठेवावे आणि शेवटी कळा कुलूपबंद कराव्यात. बोलताना बटण दाबून एक क्षण थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आठवड्यातून एकदा चाचणी घ्यावी.

६) खबर हवी असेल तर

खबर ऐकण्यासाठी चोरवाट लागत नाही. पेन्सिल सेलवर चालणारा साधा रेडिओ प्रत्येक दुकानात असावा. तो ठेवण्यास आता परवाना लागत नाही. जुन्या पिढीला पोस्टात भरलेली रेडिओची फी आठवत असेल. आकाशवाणीचे जवळचे केंद्र शोधून लावून ठेवावे. वीज आणि मोबाईल दोन्ही गेले तरी तो चालतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' आणि पूर-पावसासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ही अ‍ॅप मोफत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने जे झाले, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, त्यानंतर हे इशारे हलके घेऊ नयेत.

गल्ल्याशेजारी हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत : ११२ (पोलीस व सर्व मदत), १०१ (अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका), १०३३ (राष्ट्रीय महामार्ग), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण), १३९ (रेल्वे).

७) तरुणांसाठी

मुलाला वायरलेसचा खराच शौक असेल तर त्याने हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. ती केंद्र सरकार घेते. वयाची बारा वर्षे पुरी झाली की बसता येते. इलेक्ट्रॉनिक्सचे मूळ ज्ञान आणि नियम अभ्यासावे लागतात. पास झाल्यावर स्वतःचे बोलचिन्ह मिळते आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर ऐकता-बोलता येते.

हा केवळ खेळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने आपल्या लातूर-धाराशिव भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवशी बाहेर खबर पोहोचवणे किती कठीण असते हे या भागाने पाहिले आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद या हॅम चालक पोर्ट ब्लेअरला होत्या. तेथील दळणवळण तुटले असताना त्यांच्या संचावरून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खबर मिळाली.

तात्पर्य असे की, चोरून ऐकणाऱ्या कानापेक्षा परवाना घेऊन बोलणारी जबान समाजाच्या जास्त कामाची आहे. स्कॅनरवर घालायचे पैसे दोन मान्य संच, एक साधा रेडिओ आणि मुलाच्या परीक्षेवर घालावेत. इन्शाअल्लाह, मालही सुरक्षित राहील आणि नावही.