नोंद करावी, शोधावी, पडताळावी : आरोग्य केंद्रातील संगणकीय नोंदींचे प्राथमिक धडे

आरोग्य सेविका, आशा स्वयंसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी व डेटा एन्ट्री ऑपरेटर यांच्यासाठी

या पत्रिकेचा हेतू

उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आरोग्यविषयक माहिती आज संगणकावर नोंदविली जाते. आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, म्हणजेच एचएमआयएस, २००८ पासून कार्यरत आहे. तीत संस्थेने दिलेल्या सेवांची मासिक आकडेवारी भरली जाते. गरोदर माता व बालके यांची नावनिशीवार संगणकीय नोंद २००९ मध्ये सुरू झाली. पुढे तिची जागा प्रजनन व बाल आरोग्य पोर्टलने, म्हणजे आरसीएच पोर्टलने घेतली. पहिल्या प्रणालीतून 'किती' हे कळते, दुसरीतून 'कोण' हे कळते. दोन्हींचा पाया एकच आहे : नोंदवहीतील माहिती संगणकात अचूक उतरणे आणि आवश्यक त्या वेळी ती परत मिळणे.

अनेक ठिकाणी नोंद भरली की काम संपले असे मानले जाते. वस्तुतः नोंद ही भरण्यासाठी नसून शोधण्यासाठी असते. जी नोंद गरजेच्या दिवशी सापडत नाही, ती केली काय आणि न केली काय, त्या मातेच्या दृष्टीने सारखेच. पुढील धडे साध्या स्प्रेडशीटवर शिकता येतील. तीच शिस्त पोर्टलवरही उपयोगी पडते.

धडा पहिला : नोंद भरणे

स्प्रेडशीटमध्ये आडव्या ओळी व उभे रकाने असतात. एका ओळीत एकाच व्यक्तीची माहिती लिहावी आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती लिहावी. 'हिमोग्लोबिन' या रकान्यात '९.२, गोळ्या दिल्या' असे लिहू नये. संगणक त्यास अंक न मानता मजकूर मानतो आणि पुढे 'दहापेक्षा कमी' असा शोध घेतल्यास ती माता यादीत येत नाही. गोळ्यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

दिनांक. ०५-०६-२०२५ हा दिनांक आपण ५ जून असा वाचतो. संगणकाची मांडणी महिना-दिवस अशी असल्यास तो ६ मे असा वाचला जातो. याउलट २२-०७-२०२५ मध्ये बाविसावा महिना संभवत नाही, म्हणून तो दिनांक न राहता केवळ मजकूर होऊन बसतो. एकाच रकान्यात काही दिनांक चुकीचे आणि काही निरुपयोगी, अशी ही अवस्था सहजी दृष्टीस पडत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी २२ तारखेसारखा एखादा दिनांक भरून तो कसा दिसतो हे पाहावे.

अंक. काही प्रणाली देवनागरी अंकांना मजकूर समजतात. मग त्यांची बेरीज अथवा तुलना होत नाही. प्रणाली जे अंक स्वीकारते त्याच अंकांत भरावे. दशांश चिन्ह विसरू नये.

शून्य आणि रिकामी जागा. हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. मासिक अहवालात एखाद्या महिन्यात एकही प्रसूती झाली नसेल, तर '०' लिहावे. ती खरी माहिती आहे. परंतु एखाद्या मातेची हिमोग्लोबिन तपासणीच झाली नसेल, तर तेथे '०' लिहिणे असत्य ठरते. ती जागा रिकामी ठेवावी आणि शेजारच्या रकान्यात 'तपासणी बाकी' अशी नोंद करावी.

धडा दुसरा : नोंद शोधणे

माहिती परत मिळविण्याच्या तीन पद्धती आहेत.

१. शोध. एका व्यक्तीची नोंद हवी असता हिचा उपयोग होतो. प्रथम नोंदणी क्रमांकाने शोधावे, नंतर मोबाईल क्रमांकाने आणि शेवटी नावाने. 'सुनीता' हे नाव कोणी 'सुनिता' असेही लिहिते. त्यामुळे पूर्ण नाव न टाकता केवळ पहिले अक्षर टाकून शोधल्यास दोन्ही नोंदी दिसतात. नोंद सापडत नाही म्हणून लगेच नवीन नोंदणी करू नये. एकाच मातेच्या दोन नोंदी झाल्या, तर तिचा तपासणीचा इतिहास एकीकडे व प्रसूती दुसरीकडे राहते.

२. फिल्टर. ठरावीक अट पूर्ण करणाऱ्या सर्व व्यक्तींची यादी यातून मिळते. उदाहरणार्थ, 'हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी' अथवा 'अपेक्षित प्रसूती मार्च महिन्यात'. काम झाल्यावर फिल्टर काढून टाकावा; अन्यथा उर्वरित नोंदी पुसल्या गेल्या असा समज होतो.

३. क्रमवारी. दिनांक अथवा अंकांनुसार ओळी लावणे म्हणजे क्रमवारी. येथे एक मोठा धोका आहे. केवळ एकच रकाना निवडून क्रमवारी लावल्यास तेवढाच रकाना हलतो आणि एका मातेचे हिमोग्लोबिन दुसऱ्या मातेच्या नावासमोर जाऊन बसते. म्हणून नेहमी संपूर्ण तक्ता निवडावा आणि त्यापूर्वी धारिकेची एक प्रत वेगळी जतन करावी.

सराव

पुढील पाच नोंदी काल्पनिक आहेत. क्रमांक, शेवटच्या मासिक पाळीचा पहिला दिवस आणि हिमोग्लोबिन (ग्रॅम प्रति डेसिलीटर) या क्रमाने त्या भराव्यात.

क्रमांक १ : १०-०४-२०२५, १०.४
क्रमांक २ : ०५-०६-२०२५, ६.८
क्रमांक ३ : २२-०७-२०२५, ९.२
क्रमांक ४ : ०३-०५-२०२५, तपासणी बाकी
क्रमांक ५ : १५-०६-२०२५, ११.६

पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळविले असता प्रसूतीचा अपेक्षित दिनांक मिळतो. तो स्वतंत्र रकान्यात लिहून पुढील प्रश्नांची उत्तरे फिल्टरने शोधावीत.

अ) मार्च २०२६ मध्ये कोणाची प्रसूती अपेक्षित आहे?
आ) तीव्र रक्तक्षय कोणास आहे?
इ) कोणाची तपासणी व्हावयाची आहे?

उत्तरे : (अ) क्रमांक २ व ५, त्यांचे दिनांक अनुक्रमे १२ व २२ मार्च. क्रमांक २ चा दिनांक संगणकाने ६ मे असा वाचला असेल, तर अपेक्षित दिनांक १३ फेब्रुवारी येईल आणि ती माता मार्चच्या यादीतून निसटेल. (आ) क्रमांक २. गरोदरपणात ११ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ पेक्षा कमी तीव्र. (इ) क्रमांक ४. तेथे '०' भरले असते, तर ही माता तीव्र रक्तक्षयाच्या यादीत आली असती आणि 'तपासणी बाकी' या यादीतून मात्र गळाली असती.

धडा तिसरा : पडताळणी

क्रमांक २ च्या मातेचा पुन्हा विचार करू. घाईत ६.८ ऐवजी ८.६ असे भरले गेले, तर काय घडेल? ६८ भरले असते, तर ते अशक्य मूल्य म्हणून प्रणाली अडवू शकली असती. ८.६ हे मूल्य मात्र संभवनीय आहे. संगणकाच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नाही. संगणक अशक्य ते ओळखतो, चुकीचे ते ओळखू शकत नाही. ही माता तीव्र रक्तक्षयाच्या यादीत येणार नाही, तिला तातडीने वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविले जाणार नाही आणि प्रसूतीसमयीच्या रक्तस्रावात तिच्या जिवाला असलेला धोका कोणाच्याही ध्यानी येणार नाही.

ही माता ऊसतोड कामगार कुटुंबातील असेल, तर हा धोका आणखी वाढतो. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत तेथेच राहतात. देशाच्या अन्य भागांतून वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती असते. १२ मार्चला प्रसूती अपेक्षित असलेली ही माता तेव्हा ऊसतोडीच्या तळावर असू शकते. तेथील सेविकेने तिला कधीही पाहिलेले नसते. तिच्या हाती असते ते केवळ माता व बाल संरक्षण कार्ड आणि जुनी नोंद. ही दोन्ही बरोबर असतील, तरच गावातील सेविकेने केलेली तपासणी या परक्या ठिकाणी तिच्या उपयोगी पडेल.

म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. नोंदी भरून झाल्यावर एकीने नोंदवहीतून मोठ्याने वाचावे व दुसरीने पडद्यावर पाहावे. मदतनीस नसल्यास प्रत्येक नोंद पुन्हा शोधून स्वतः ताडून पाहावी.
२. दर महिन्यास तीव्र रक्तक्षय, तपासणी बाकी आणि अपेक्षित प्रसूती या तीन याद्या काढाव्यात. जी माता आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे पण यादीत दिसत नाही, तिची नोंद प्रथम तपासावी.
३. चूक आढळल्यास नोंदवही व संगणक या दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी. नोंदवहीत खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी योग्य मूल्य, दिनांक व स्वाक्षरी लिहावी.
४. स्थलांतर करणाऱ्या मातेच्या कार्डावर नोंदणी क्रमांक व शेवटचे हिमोग्लोबिन सुवाच्य अक्षरांत लिहून द्यावे आणि कार्ड सोबत नेण्यास सांगावे.

गोपनीयता

आरोग्यविषयक माहिती त्या व्यक्तीची असते. आपण केवळ तिचे राखणदार आहोत. आपला पासवर्ड दुसऱ्यास देऊ नये. मातांच्या नावांची यादी व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. काम संपताच प्रणालीतून लॉग आऊट करावे. १४ अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणासही सेवा नाकारू नये.

लक्षात ठेवावे

दिवसाचे काम संपविण्यापूर्वी आज भरलेल्या नोंदींपैकी कोणतीही एक नोंद क्रमांकाने शोधावी आणि नोंदवहीशी ताडून पाहावी. यास दोन मिनिटे पुरतात. जुळली तर काम पूर्ण झाले असे समजावे. न जुळल्यास त्या दिवसाच्या सर्व नोंदी पुन्हा तपासाव्यात.